महाळुंग्याच्या चढाचा दर्जा

पिंपरीच्या पंपांच्या कारखान्यात मी टाइमकीपर म्हणून लागलो तेव्हा वयाने लहान होतो, पण संशय घेण्यात मुरलेला होतो. हजेरीच्या खिडकीत बसणाऱ्याला तो गुण लागतोच. एकोणीसशे पन्नासचं दशक होतं. पिंपरी-चिंचवडच्या माळावर एकेक शेड उभी राहत होती आणि कंपनीची बस ही कल्पनाही कुणाच्या डोक्यात नव्हती. माणसं आकुर्डी, भोसरी, मोशी, अगदी चाकणच्या बाजूनेही सायकल मारत येत. भोंगा साडेसातला व्हायचा. त्यानंतर आलेल्याच्या नावापुढे मी लाल पेन्सिलीने फुली मारायचो.

नवा माणूस सहा महिने कच्चा असायचा. शेवटच्या महिन्यात तीनपर्यंत फुल्या चालत. चौथी पडली की कायम होण्याच्या यादीतून नाव गेलं.

आमचे लेबर ऑफिसर साहेब भले गृहस्थ होते. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "भोसरीचा माणूस आणि चाकणचा माणूस एकाच घड्याळावर मोजणं बरोबर नाही. अंतर लांब असेल तर लवकर निघावं, ते ठीक. पण चढ माणसाच्या हातात नसतो. रस्त्यांवरच्या चढांची यादी करा, दर्जे लावा आणि दर्जाप्रमाणे सूट द्या."

यादी म्हटल्यावर मला हुरूप आला. मी वहीत तीन रकाने आखले. पहिल्या दर्जाच्या चढाला पाच मिनिटं सूट, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. आता कोणता चढ कोणत्या रकान्यात घालायचा एवढंच ठरवायचं होतं, आणि ते मला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही.

आधी मी कामगारांनाच विचारलं. तो मूर्खपणा होता. आठवड्याभरात या सपाट मुलखात सह्याद्री उभा राहिला. मोशीचा एक लेथवाला म्हणाला, "आमच्या चढाला येष्टीसुद्धा मागं घसरती राव." आकुर्डीच्या माणसाने तर गावाबाहेरच्या नाल्याच्या काठाला घाट म्हटलं. ज्याला सूट मिळणार त्यालाच चढ विचारायचा, म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या. मी ती सगळी पानं खोडली.

मला असा माणूस हवा होता की ज्याला चढ पाठ आहे, पण आमच्या भोंग्याशी ज्याचं काही देणंघेणं नाही. असे लोक चाकणच्या कांदा बाजारात भेटतात. एका शनिवारी सुट्टी काढून मी तिथे गेलो आणि बैलगाडीवाल्यांमध्ये जाऊन बसलो. ते कांदा भरून मोशी-भोसरीवरून पुण्याला जात, नाहीतर महाळुंग्यावरून तळेगावच्या स्टेशनावर, रेल्वेत माल चढवायला. रस्त्यावरचा एकेक दगड त्यांच्या ओळखीचा.

त्यांच्याकडे चढाची स्वतःची मापं होती. काही चढांना पुढे तिसरा बैल जुंपावा लागे. काही चढांना गाडीवान खाली उतरून चाकाला खांदा देई. आणि काही चढ असे की जागेवर बसून विडी ओढत पार करता येत. मी ते जसंच्या तसं माझ्या तीन रकान्यांत उतरवलं. तिसरा बैल म्हणजे पहिला दर्जा, खांदा म्हणजे दुसरा, विडी म्हणजे तिसरा. इंद्रायणीच्या पात्रातून मोशीकडे चढणारा रस्ता पहिल्या दर्जात गेला. त्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"आणि महाळुंग्याहून चाकणला येताना?" मी त्यातल्या सर्वांत वयस्क गाडीवानाला विचारलं. पांढऱ्या मिशा, डोक्याला विटका पटका. बाकीचे सगळे त्याला मामा म्हणत होते.

"तिथं कसला आलाय चढ?" मामा म्हणाला. "चाळीस वर्सं गाडी हाकतोय. पार सपाट. निजलं तरी चालतंय."

आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी महाळुंग्यापुढे शून्य लिहिलं आणि वही मिटली.

त्या रस्त्याने आमच्याकडे एकच माणूस यायचा. महाळुंग्याचा, फिटरच्या हाताखाली काम करणारा, पंचविशीतला. घर ते कारखाना सोळा-सतरा मैल. आधी चाकण, मग मोशी, भोसरी आणि पिंपरी. देहूवरून जवळ पडलं असतं, पण तिकडे नदी ओलांडायची म्हणजे सायकल खांद्यावर घ्यावी लागे. त्याला मोशीच्या चढाची पाच मिनिटं सूट लागू झाली होती. तरीही शेवटच्या महिन्यात त्याच्या नावापुढे चार फुल्या पडल्या. सूट धरूनही तो एकदा दोन मिनिटं, एकदा तीन, एकदा चार आणि एकदा नऊ मिनिटं उशिरा आला होता.

त्याचं कायम होणं ही सगळ्या खात्यात थट्टेची गोष्ट झाली होती. लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण सासऱ्याने मुलगी माहेरी नेऊन ठेवली होती. जावई पक्का झाला की धाडतो, असा निरोप होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने भाकरी सोडली की कुणीतरी म्हणायचंच, "भावजयीच्या हातची किती दिवस खाणार भावा?"

तो हसायचा नाही. भाकरी खाली ठेवून पाणी प्यायचा.

चौथ्या फुलीच्या दिवशी तो खिडकीशी आला. "सायेब, महाळुंग्याचा चढ तुमच्या यादीत न्हाई."

"कारण तिथे चढ नाही."

"हाय की. वढ्यापासनं वरपतूर. सायकल ढकलावी लागती."

"चाकणचे गाडीवाले नाही म्हणतात. त्यांना खोटं बोलून काय मिळणार?"

"आन् मला?"

"तुला बायको मिळणार," मी म्हणालो. रांगेतले लोक हसले. तो खाली मान घालून आत गेला. त्या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं, त्या दिवशी मात्र वाटलं नव्हतं.

मला त्याच्याविरुद्ध काय काय दिसत होतं ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. एक, काही दिवशी त्याच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल असायचा, आणि दिवस हिवाळ्याचे, रस्ते कोरडे ठणठणीत. दोन, विचारलं की तो आधी खाली बघायचा, मग उत्तर द्यायचा. तीन, त्या रस्त्याने दुसरं कुणीच येत नसल्यामुळे त्याचं खोटं पकडायला साक्षीदार नव्हता. माझा निष्कर्ष असा की हा गडी घरचं रान भिजवून मग कामावर येतो आणि उशिराचं खापर चढावर फोडतो. गावकरी कामगारांत असे पुष्कळ होते. एक पाय शेतात, एक कारखान्यात.

कायम होणाऱ्यांची यादी सोमवारी साहेबांकडे जायची होती. त्याच्या नावापुढे 'खोटी कारणं सांगतो' असा शेरा मारायचं मी ठरवलं. साहेब म्हणाले, "शेरा मारा, पण पुरावा जोडा. शेरा लागला की दुसरा कारखानाही त्याला घेणार नाही."

म्हणून रविवारी सकाळी मी शेजाऱ्याची सायकल मागून घेतली आणि पुरावा आणायला निघालो.

तोपर्यंत मी सायकल फक्त चिंचवड ते पिंपरी अशी चालवली होती. चाकणपर्यंत जाताना माझे हाल झाले, तरी गाडीवाल्यांची मापं ठिकठिकाणी बरोबर निघत होती आणि मला माझ्या यादीचा अभिमान वाटत होता. चाकण सोडून महाळुंग्याच्या रस्त्याला लागलो आणि सायकल अशी पळायला लागली की विचारू नका. पायडल न मारता, वारा पाठीशी घेऊन, मी कितीतरी लांब गेलो. मला वाटलं, चला, पाय तयार झाले. खाली ओढ्याची फरशी लागली, तिथे पाणी प्यायलो आणि वहीत लिहिलं, 'चढ कुठेही आढळला नाही.'

त्याचं घर वेशीपाशीच होतं. तो घरी नव्हता, सोयरिकीत कुठे गेला होता. अंगणात त्याची आई कांद्याची पात निवडत बसली होती. कारखान्यातून आलोय म्हटल्यावर ती घाईने उठली, घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळी निघायच्या आधी शेताचं काही बघतो का तो?"

"बगतो तर," ती कौतुकाने म्हणाली. "हिरीवर आमची पाळी मंगळवारची. त्या दिशी पहाटं मोट हाकून, रान भिजवून मगच सायकलीवर बसतोय. लई गुणाचं हाय माझं."

मला हवा तो पुरावा तिने आपल्या तोंडाने दिला होता. तिच्यासमोरच वही काढायची लाज वाटून मी ती खिशातच ठेवली. निघताना तिने फडक्यात बांधलेले कांदे सायकलच्या हँडलला अडकवले. मी नको नको म्हणालो. ती म्हणाली, "इतक्या लांब आलाय, रिकाम्या हातानं कसं धाडू? त्याच्यावर ध्यान असू द्या."

ओढा ओलांडला आणि चढ सुरू झाला.

येताना पाठीशी असलेला वारा आता छातीवर होता. रस्ता डोळ्यांना फारसा उभा दिसत नव्हता, पण पायडल खाली जाता जाईना. दगड बारीक आणि सुटे, चाक फिरे आणि जागेवरच राही. थोड्या वेळाने मी उतरलो आणि ढकलायला लागलो. वळण आलं की वाटे, संपला. वळणामागे तेवढाच आणखी असे. मी घड्याळ पाहत होतो, ती सवय सुटत नाही. अर्ध्यावर आठ मिनिटं झाली होती.

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. तळेगावहून कांदा टाकून एक रिकामी गाडी परत येत होती. बैल खाली मान घालून आपले आपण चढत होते. गाडीवान दिसत नव्हता. गाडी शेजारी आली तेव्हा दिसला. तळाशी पोत्यांवर, तोंडावर पटका घेऊन गाढ झोपलेला. पटका ओळखीचा वाटला.

"मामा! ओ मामा!"

मामा दचकून उठून बसला. "कोन हाय? काय झालं?"

"मी पिंपरीचा टाइमकीपर. तुम्ही मला इथे चढ नाही म्हणून सांगितलं होतं."

"कुठं?"

"इथे. आपण आत्ता चढतोय तो."

मामाने पुढे पाहिलं, मागे पाहिलं, मग गाडीच्या कडेवरून वाकून खाली रस्त्याकडे पाहिलं. नवीन मुलखात आल्यासारखा तो बघत होता.

"आयला, व्हय की," तो म्हणाला. "हाय खरा."

"चाळीस वर्षं हाकताय ना गाडी?"

"हाकतोय जाताना. जाताना ह्यो उतार. भरल्या गाडीला उतारच बैलांच्या मानंवर येतो, तवा जीव मुठीत धरून चालतोय. येताना गाडी रिकामी. बैलांस्नी घर ठावं. मी चाकणच्या वेशीत उठतो."

"आणि बाकीचे गाडीवाले?"

"ते बी निजत्यात. रातभर जागलेलं मानूस, तळेगावची पेठ सुटली का आडवं. तुमास्नी म्हनलं न्हवतं का, निजलं तरी चालतंय?"

तो मला खोटं बोलला नव्हता, हेच मला पचेना. मी इतक्या लोकांचा हेतू तपासला होता, आणि ज्याचा हेतू स्वच्छ म्हणून निवडला तो ऐन चढाला झोपलेला होता. मामाने मला गाडीत बसायला सांगितलं. मी नाही म्हणालो. मला शेवटपर्यंत वेळ मोजायची होती. वर पोचलो तेव्हा ओढ्यापासून सतरा मिनिटं झाली होती. उताराला तेवढंच अंतर मी चार-पाच मिनिटांत काटलं असेल.

घरी येऊन मी हजेरीचं पुस्तक उघडलं. चार फुल्या होत्या, आणि त्यांतली एकही मंगळवारची नव्हती. चारही मंगळवारी तो भोंग्याच्या आधी आलेला होता. मोट हाकायला उठलेला माणूस परत झोपत नाही, लवकर निघतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. चिखल खरा होता, पाळीही खरी होती, फक्त त्यांचा उशिराशी संबंध नव्हता. मी मागच्या पानावरची यादी फाडून टाकली.

महाळुंग्याच्या चढाला पहिला दर्जा दिला की पाच मिनिटं आणखी मिळत होती. दोन, तीन आणि चार मिनिटांच्या फुल्या त्यात बुडत होत्या. नऊ मिनिटांची राहत होती, ती राहू दे. एक फुली चालते.

सोमवारी मी नवा कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"शुक्रवारी तुम्ही याला खोटारडा म्हणत होता."

"हो साहेब. मी चुकलो होतो."

"काल त्याच्या घरी गेला होता?"

"चढ मोजायला गेलो होतो. घर रस्त्यातच आहे."

"परत येताना तुमच्या सायकलला गाठोडं होतं, असं गेटवरचा जमादार म्हणतो."

जमादार माझ्याच आळीत राहायचा. "कांदे होते," मी म्हणालो. हे दोन शब्द उच्चारताना माझे कान तापले. खिडकीच्या अलीकडून मी किती जणांना असंच उभं केलं होतं, आणि ते खाली बघायचे तेव्हा मी त्याची नोंद करायचो. मी पाहिलं तर माझीही नजर साहेबांच्या टेबलाच्या पायाकडे होती.

"किती कांदे?"

"दीड-दोन शेर असतील. त्याच्या आईने दिले. तो घरी नव्हता."

साहेबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर ठेवला. मग म्हणाले, "तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण कांद्यावर आहे." त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला बोलावलं. तो कोकणातला, इकडे कुणाचा सोयरा ना धायरा. "महाळुंग्याच्या ओढ्यापर्यंत जा आणि परत ये. चाकणच्या बाजूला येताना कुठे कोणता गिअर टाकावा लागतो तेवढं सांग. बाकी कोणाशी बोलू नकोस." कुठल्या चढाबद्दल, कोणासाठी, काहीच त्याला सांगितलं नाही.

दुपारपर्यंत माझं कामात लक्ष नव्हतं. तो महाळुंग्याचा गडी दोनदा खिडकीसमोरून गेला, पण थांबला नाही. कायमची यादी अजून का लागली नाही म्हणून खात्यात कुजबुज होती. जमादाराने कांद्याची बातमी एव्हाना पसरवली असणार, कारण लेथवाला मला म्हणाला, "टाइमकीपर, आमच्या मोशीत वांगी चांगली होतात हां."

ड्रायव्हर आला, जीप धुळीने पांढरी झालेली. "जाताना काय नाय," तो म्हणाला. "येताना वड्यापासून दुसऱ्यात घालूक लागली ती वरपर्यंत दुसऱ्यातच. मधे एका वळणाक पयल्यात."

साहेबांनी माझ्या कागदावर सही केली. पण वर एक ओळ लिहिली, सर्व चढ पुन्हा तपासावे, कामाला येण्याच्या दिशेने, सायकलवर बसून, टाइमकीपरने स्वतः. पुढचे पाच रविवार मी तेच केलं. नवी मापं मला त्यातून मिळाली. चढ किती लांब आणि किती उभा, एवढ्यावर काम भागत नाही. खाली दगड कसा आहे, वारा कुठल्या बाजूचा, आणि तो चढ घरापासून पहिल्या मैलावर आहे की दमल्यानंतर दहाव्या मैलावर, हेही धरावं लागतं. दोन चढांचा दर्जा त्यात खाली गेला. त्या गावची माणसं माझ्याशी पुढे वर्षभर बोलत नव्हती आणि आपसांत कांद्याचा विषय काढत होती. ते मी सहन केलं.

त्या सोमवारी संध्याकाळी यादी फळ्यावर लागली. महाळुंग्याचा गडी गर्दी ओसरेपर्यंत लांब उभा राहिला. मग जवळ येऊन त्याने बोट ठेवून आपलं नाव वाचलं. आडनाव वाचलं, गाव वाचलं. मग खिडकीशी आला.

"हे माझंच हाय का?"

"तुझंच."

"उद्या काढणार न्हाई?"

"नाही. साहेबांची सही आहे."

"मग काल घरला कशापायी आला हुता? आई म्हनली, सायेब आलं हुतं, लई इचारत हुतं."

मी त्याला सगळं सांगितलं, शेरा मारायला गेलो होतो हेसुद्धा. त्याने ऐकून घेतलं.  माझ्यावर त्याचा विश्वास बसायला काही कारणही नव्हतं. फळ्याकडे एकदा वळून पाहत तो म्हणाला, "मग एक करा. कागदावर लिहून द्या. सासरा तोंडी सांगितलेलं मानत न्हाई."

मी कारखान्याचा छापील कागद घेतला. त्यावर लिहिलं की सदर इसम आजपासून कायम झालेला आहे. सही केली, शिक्का मारला आणि कागद खिडकीतून बाहेर दिला. त्याने तो तिरपा करून उजेडात धरला, शिक्क्याची अक्षरं एकेक करून वाचली, शाई ओली आहे का ते बोटाने तपासलं. नंतर वाळायला म्हणून तिथेच उभा राहून त्यावर हलकेच फुंकर मारत राहिला. मागे दुसऱ्या पाळीची रांग खोळंबली होती. मी लाल पेन्सिल बाजूला ठेवली.